दोन स्लॅबच्या वर

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर पूर्वी गुळाच्या ढेपा ठेवायची खोली होती. सासऱ्यांनी अडतीचा धंदा बंद केला तेव्हा ती मोकळी झाली आणि तिथं मी डीटीपीचं काम सुरू केलं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दुकानांच्या उद्घाटनाची कार्डं. मजकूर टाइप करायचा, मांडणी करायची आणि फाइल छापखान्याला पाठवायची. भिंतींना गुळाचा वास पुढं बरीच वर्षं येत होता. उन्हाळ्यात कॉम्प्युटरच्या मागून मुंग्या निघायच्या.

त्यावरच्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि आमच्या खोल्या. सगळ्यात वर सासऱ्यांची खोली आणि गच्ची. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत, मीही म्हणायची. सासूबाईंना अव्वा. अव्वांचं माहेर निपाणीच्या पलीकडचं, त्यामुळं नवराबायकोची आपसातली भाषा कानडी. मुलांशी ती दोघं अर्धी कानडी, अर्धी मराठी बोलत आणि माझ्याशी फक्त मराठी. मी पेठ वडगावची. इतकी वर्षं त्या घरात राहून मला कानडी जेवणापाण्यापुरतंच कळायला लागलं. तरी कागलच्या पुढची गिऱ्हाइकं कानडी पत्रिका घेऊन येत तेव्हा मी अक्षरं बघून बघून टाइप करत असे आणि कागद तपासायला अप्पांकडं वर नेत असे. ते चष्मा लावून, बोट ठेवून वाचत आणि चुका पेन्सिलीनं गोल करून देत. त्या कागदांपलीकडं आमचं फारसं बोलणं नव्हतं. ते कमी बोलणारेच होते.

नणंद माझ्याहून लहान. इंजिनिअर होऊन ती बेंगलोरला नोकरीला लागली, ती नव्वदीची अखेर होती. तिथंच ऑफिसातल्या एका बंगाली मुलाशी तिनं लग्न केलं. नोंदणी कचेरीत सह्या केल्या आणि संध्याकाळी घरी फोन केला. फोन अव्वांनी घेतला, मग माझ्या नवऱ्यानं. अप्पा जेवत होते. काय झालं ते नवऱ्यानं त्यांना सांगितलं. अप्पांनी ताटातलं संपवलं, हात धुतला आणि ते वर गेले. ओरडणं नाही, रडणं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते मुलीशी बोलले नाहीत, इतकंच.

त्यांनी बंदी कसलीच घातली नव्हती. फोन येई, अव्वा बोलत. नणंदेचा फोन रविवारी सकाळी यायचा हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या सुमाराला अप्पा टोपी घालून, चपला पायात सरकवून बाहेर पडत. कुठं निघालात विचारलं तर म्हणत, "सौद्यात जाऊन येतो." रविवारी गुळाचे सौदे, म्हणजे लिलाव, बंद असत. ते कुठं जाऊन बसत कोण जाणे. तासाभरानं परत येत तेव्हा फोन झालेला असे.

पुढं नणंद आणि तिचा नवरा कॅनडात गेले. परदेशी फोनवर मनमोकळं बोलता येत नव्हतं म्हणून मी अव्वांना राजारामपुरीतल्या नेट कॅफेत घेऊन जायला लागले. अव्वा कानांवर हेडफोन चढवून इतक्या मोठ्यानं कानडी बोलायच्या की शेजारच्या खोपट्यांतून माना बाहेर यायच्या. पडद्यावर मुलगी दिसायला लागल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी तिला, केस का कापलेस म्हणून झापलं. मग माझ्या कामासाठी घरातच ब्रॉडबँड आलं आणि रविवारची बैठक तळमजल्यावर, माझ्या खोलीत भरायला लागली. अव्वा, मी, नवरा, सगळे कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीनं. नणंद दिसायची, मागे कधीतरी तिचा नवरा हात हलवून जायचा. अप्पा सौद्यात.

दोन हजार सातच्या सुमारास अव्वा गेल्या. दुपारच्या झोपेतून उठल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपल्या. नणंदेचे तिकडचे कागद व्हायचे होते, देश सोडून येता आलं नाही. ती त्या दिवशी फोनवर नुसती रडत होती आणि मी फोन कानाला लावून उभी होते. अप्पा समोरच बसले होते. कोणाचा फोन ते त्यांना कळत होतं. मी फोन त्यांच्यापुढं धरावा असं माझ्या मनात आलं. मी धरला नाही, त्यांनीही मागितला नाही.

त्यानंतर अप्पांचे गुडघे गेले. जिना चढणं-उतरणं अवघड झालं, मग चहा, जेवण वरच द्यायला लागलो. रविवारी टोपी घालून बाहेर पडणं बंद झालं. आम्ही खाली नणंदेशी बोलत असू, ते दोन मजले वर. एका रविवारी मधेच काहीतरी आणायला मी वर गेले तेव्हा त्यांच्या खोलीचं दार सताड उघडं दिसलं आणि खुर्ची उंबऱ्याजवळ ओढलेली. एरवी ती खिडकीपाशी असायची. आमच्या जिन्यातून खालचा आवाज सरळ वर जातो. नणंदेचं हसणं मला त्या वरच्या पायरीवर स्पष्ट ऐकू आलं. अप्पा पेपर धरून बसले होते. मी तशीच खाली आले आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी कानडी पत्रिकेचा कागद घेऊन वर गेले होते. अप्पांनी चुका काढून दिल्या आणि कागद हातात ठेवूनच विचारलं, "ते तुझं नेट हितं येतंय काय?"

"न्हाय हो अप्पा. खालचं यंत्र जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंतच पोचतंय. मधे दोन स्लॅब हाईत. स्वयंपाकघरातसुद्धा धड येत न्हाई."

"आणायचं झालं तर?"

"दुसरं यंत्र लागंल वर. वायर न्यायला लागंल."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "कानडी पेपर दिसतोय म्हणं त्याच्यावर. हितं मिळत न्हाई कुठं चांगला."

हे खरं होतं. कानडी पेपर अव्वांच्या माहेरची माणसं आली की आणत, तेही आता कमी झालं होतं. मी म्हटलं, बघते. उंबऱ्याजवळची खुर्ची मला दिसत होती.

नवऱ्यानं राउटर आणला. तो शिरोलीला फाउंड्रीत होता, यंत्रांची त्याला भीती नव्हती, उलट जरा जास्तच भरवसा होता. इलेक्ट्रिशियननं माझ्या खोलीतून जिन्याच्या कडेनं क्लिपा ठोकत निळी वायर वर नेली आणि अप्पांच्या दाराबाहेर, फोटो ठेवायच्या फळीवर तिचं तोंड सोडलं. नवऱ्यानं नवा राउटर फळीवर ठेवला, वायर आत खुपसली, बटण दाबलं. दिवे लागले. अप्पांनी आतून विचारलं, "आलं काय?"

आलं नव्हतं. शिवाय खालचंही गेलं. माझा कॉम्प्युटर इंटरनेट नाही म्हणायला लागला आणि छापखान्याला पत्रिकेची फाइल जायची होती. नवऱ्यानं दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली, वायर इकडची तिकडं लावली, दुकानदाराला फोन केला. दुकानदार म्हणाला, माणूस पाठवतो. माणूस आला नाही. शेवटी मी वरची वायर काढली तेव्हा खालचं सुरू झालं. नवा राउटर फळीवर तसाच पडून राहिला. अप्पा जाता-येता त्याच्याकडं बघत.

मी ही हकिकत रविवारी नणंदेला सांगितली. कुणासाठी हवंय ते सांगितलं नाही, वर नेट न्यायचंय एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "वहिनी, हे ह्यांचंच काम आहे की. ते रोज हेच करतात ऑफिसात. पुढच्या रविवारी मोबाइलवर फोन करायला सांगते. तुम्ही लॅपटॉप घेऊन त्या यंत्राजवळ बसा."

ती हे बोलली तेव्हा तिला वर कोण राहतं हे माहीत होतं. माझ्या उशिरा लक्षात आलं.

पुढच्या रविवारी नवरा मंडईला गेला होता. मी त्याचा कंपनीचा लॅपटॉप घेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. मोबाइल फळीवर, आवाज मोठा केलेला. अप्पा उंबऱ्याच्या आत खुर्चीत. त्यांना मी आधीच सांगितलं होतं, फोन कुणाचा येणार ते. त्यांनी नुसती मान हलवली होती. मला वाटलं होतं, दार लावून घेतील. घेतलं नाही.

नणंदेचा नवरा हिंदीत बोलायचा, सावकाश आणि नीट. आधी त्यानं नव्या राउटरच्या पाठीमागचं बारीक छिद्र टाचणीनं दाबून धरायला सांगितलं, म्हणजे आधी केलेलं सगळं पुसलं जातं. मग खालून आलेली वायर काढून ठेवायची. मग लॅपटॉप छोट्या वायरनं राउटरला जोडायचा आणि त्याचं पान उघडायचं. बिघाड काय झाला होता तेही त्यानं सांगितलं. दोन्ही यंत्रांचा पत्ता एकच होता आणि घरातल्या कॉम्प्युटरना नंबर वाटायचं काम दोघंही करायला बघत होती. एका घरात नंबर वाटणारं एकच पाहिजे. वरच्याला वेगळा पत्ता द्यायचा आणि त्याचं वाटप बंद करायचं.

"बरोबर हाय," अप्पा आतून म्हणाले. "एका सौद्याला दोघं पुकारायला लागले की माल जाग्यावर ऱ्हातोय."

हे ते माझ्याशी मराठीत बोलले, पण मोबाइल हातभर अंतरावर होता. पलीकडं आवाज गेलाच असणार. मग तो पुढं सांगायला लागला.

मी पत्त्याचा शेवटचा आकडा बदलत होते. अप्पा म्हणाले, "पावण्याला विचार, खालची वायर आत्ता लावायची का मागनं."

आमच्या कोल्हापुरात सोयऱ्यालाही पावणं म्हणतात आणि रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसालाही. अप्पांनी कुठल्या अर्थानं म्हटलं ते मला सांगता येणार नाही. मी हिंदीत विचारलं. मागून, असं उत्तर आलं.

मी नवा पत्ता घालून बटण दाबलं आणि समोरचं पान नाहीसं झालं. पडद्यावर काहीच नाही. मी घाबरले, परत सगळं बिघडलं असं वाटलं. "गेलं," एवढंच मी म्हणाले, मराठीत. पलीकडच्याला ते कळलं नसावं. तो हॅलो, हॅलो करायला लागला.

तेव्हा अप्पा खुर्चीतून पुढं वाकले आणि मोबाइलकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "वो पन्ना चला गया. अब क्या करने का?"

अप्पांची हिंदी सौद्याची होती. गुजरातच्या व्यापाऱ्यांशी फोनवर भाव करून करून आलेली, खणखणीत. पलीकडचं हॅलो, हॅलो थांबलं. मला वाटलं लाइन तुटली. मग तो म्हणाला, "नया नंबर डालना पड़ेगा, सर. जो अभी दिया, वही. पन्ना वापस आएगा."

"नवा नंबर घाल म्हणतोय," अप्पांनी मला सांगितलं, जसं काही मी तिथं नव्हतेच.

मी घातला. पान परत आलं. "हां, आ गया," अप्पा फोनला म्हणाले आणि मागं टेकून बसले.

राहिलेलं काम सरळ होतं. वाटप बंद केलं, वायफायला खालचंच नाव आणि खालचाच पासवर्ड दिला, म्हणजे माणूस जिना चढत गेला तरी जोडणी आपोआप वरच्या यंत्राकडं जाते. चॅनल तेवढा वेगळा ठेवला. शेवटी निळी वायर चार सारख्या भोकांपैकी एकात लावली. वेगळ्या रंगाचं भोक मोकळं सोडायचं, हे त्यानं दोनदा बजावलं. लॅपटॉपची वायर काढून मी तो अप्पांच्या कॉटवर नेऊन ठेवला. सिग्नलच्या सगळ्या रेषा भरून आल्या होत्या. मी त्याला तसं सांगितलं, त्यानं बरं म्हटलं, नमस्ते म्हटलं आणि फोन ठेवला. अप्पांसाठी काही निरोप दिला नाही आणि अप्पांनीही विचारलं नाही.

नवरा मंडईतून आला तेव्हा मी त्याला सांगितलं. भाजीची पिशवी हातातच धरून तो म्हणाला, "अप्पा बोलले? त्याच्याशी?"

"हिंदीत," मी म्हटलं.

तो वर जाऊन राउटर बघून आला. "दिवे तर लागल्यात," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

कानडी पेपरची अक्षरं आधी चौकोन चौकोन दिसत होती. फॉन्ट घातल्यावर दिसायला लागली. नवरा घरी असला की त्याच्या लॅपटॉपवर अप्पा खरंच वाचत. वेळ ठरलेली नव्हती, कारण भारनियमन असे आणि वीज गेली की दोन्ही राउटर विझत. काही आठवडे फक्त पेपरच चालला. मला वाटायला लागलं की मी उगाच जास्त अर्थ काढला, माणसाला पेपरच हवा होता. मग एका रविवारी चहाचा कप परत देताना ते म्हणाले, "आज ती बोलायला लागली की लॅपटॉप वर आण."

मी खाली नणंदेला म्हटलं, थांब, अप्पांकडं देते. लॅपटॉप हातात धरून मी जिना चढले. मधल्या वळणावर चित्र थिजलं, पण जोडणी तुटली नाही. वर पोचेपर्यंत ते पुन्हा हलायला लागलं होतं. मी लॅपटॉप अप्पांच्या पुढ्यात स्टुलावर ठेवला आणि बाहेर आले. जिन्यात थांबायचं नाही असं ठरवलं होतं, तरी थांबले.

आधी खुर्ची पुढं ओढलेली ऐकू आली. मग अप्पांचा आवाज आला. "ऊट आयता?"

जेवण झालं का. एवढं कानडी मला येत होतं. तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मी खाली जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

तेव्हापासून रविवार वरच्या मजल्यावर गेला. ती दोघं तासभर बोलत. अप्पांचा आवाज कानडीत वेगळा लागायचा, जरा पातळ आणि भरभर. अव्वा असताना तो मी ऐकला असेलच, पण तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. माझं आणि नणंदेचं बोलणं मात्र हळूहळू कमी झालं. अप्पांचं झालं की ती दमलेली असायची, तिकडं रात्र झालेली असायची. वहिनी, बरं आहे ना सगळं, बरं आहे, एवढ्यावर आटपायचं. पहिले काही महिने मला ते लागलं. मग मी रविवारी सकाळी वडगावला आईकडं जायला लागले.

जावयाशी अप्पा फक्त राउटरबद्दल बोलत. राउटर तसा क्वचितच बिघडत असे. पण दोन-तीन रविवार गेले की अप्पा मुलीला म्हणत, जरा त्याला बोलाव, आज दिवा तांबडा दिसतोय. तो येई, तांबडा दिवा म्हणजे काय ते समजावून सांगे, बंद करून चालू करा म्हणे. अप्पा "ठीक है" म्हणत. एकदा मी वर होते तेव्हा पाहिलं, दिवा हिरवाच होता.

नणंद आणि तिचा नवरा दोन वर्षांनी दिवाळीला आले. आल्या दिवशी जावयानं वाकून नमस्कार केला, अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि प्रवास कसा झाला विचारलं. लग्नाचा विषय कोणी काढला नाही. घरात आमचं सगळं शाकाहारी आणि त्याला मासे-मटणाशिवाय चालत नाही हे अप्पांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला त्यांनी जवळ बोलावलं. "त्याला बाहीर कुठंतरी जेवायला घेऊन जा. रोज वांगी खाऊन बारीक झालाय." नवरा मेहुण्याला घेऊन मटणाच्या तांबड्या रश्शाला गेला. दोघं परत आले तेव्हा नाकडोळ्यांतून पाणी गळत होतं.

त्या दुपारी नणंद आणि मी स्वयंपाकघरात होतो. मी कारळे भाजत होते. मी तिला विचारलं, "इतके रविवार काय बोलत होता गं तुम्ही दोघं?"

ती हसली. "काही नाही हो. अव्वाच्या गोष्टी. निम्मा वेळ खाण्याचंच. अव्वा ह्या चटणीत काय घालायची, सांबाराच्या पुडीत काय घालायची. त्यांना वाटतं, मला अव्वानं सगळं शिकवलंय."

"म्हणजे? तेच मला सांगतात असं घाल, तसं घाल. मला वाटायचं त्यांना आठवतंय."

"मला कुठं येतंय वहिनी? मी कॉलेजापासून वसतिगृहातच. ते विचारायचे, मी दुसऱ्या खिडकीत इंटरनेटवर शोधायची आणि वाचून सांगायची. धारवाडच्या कुणाकुणा बायकांनी लिहिलेलं असतं."

मी गॅस बारीक केला. गेलं वर्षभर अप्पा चटणी खाऊन, अगदी तिच्यासारखी झाली म्हणत होते.

"सांगू नका हां," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. ती दोघं बेंगलोरला त्याच्या मित्रांकडं जाऊन तिथून परत गेली. अप्पा पुढं पाचेक वर्षं होते. शेवटच्या वर्षी त्यांना पडद्यावरचं दिसायचं नाही, पण ते समोर बसत आणि ती बोलत असे.